मिस्टचा पाचवा भाग 'एंड ऑफ एजेस': मालिकेचा शेवट म्हणून त्याला कसे जोखावे?

उंबरठा यांचा प्रश्न

नमस्कार. गेल्या दिवाळीपासून मी मिस्ट मालिकेचे मुख्य पाचही भाग क्रमाने खेळत होतो आणि मागच्या रविवारी पाचवा भाग पूर्ण केला. पुढे शेवटाचे रहस्य उघड केलेले आहे, त्यामुळे ज्यांना हा खेळ अजून खेळायचा आहे त्यांनी येथेच थांबावे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. अमेरिकेतल्या स्पोकेन शहराजवळच्या सायन या छोट्या कंपनीने (मुंबईच्या सायनशी तिचा काही संबंध नाही, हे आमच्या घरी दोनदा सांगावे लागले) 1993 मध्ये मिस्ट काढला. रँड आणि रॉबिन मिलर हे दोघे भाऊ त्याचे कर्ते. निर्जन बेट, जुनी यंत्रे, वाचनालयात जळलेली पुस्तके. बंदूक नाही, घड्याळ नाही, मरण नाही. ज्या पुस्तकातल्या हलत्या चित्रावर हात ठेवला की माणूस थेट त्या जगात पोचतो, अशा पुस्तकांची ही कथा आहे, आणि त्या जगांना खेळात 'एज' म्हणतात. त्यानंतर 1997 मध्ये रिव्हन, 2001 मध्ये एक्साइल, 2004 मध्ये रेव्हलेशन आणि सप्टेंबर 2005 मध्ये हा शेवटचा भाग आला. मधले दोन भाग सायनने स्वतः केलेले नाहीत. एक्साइल प्रेस्टो स्टुडिओजने केला, तर रेव्हलेशन यूबीसॉफ्टच्या माँट्रियल येथील चमूने. शेवट करायला मात्र सायन परत आली.

माझी अडचण अशी आहे की पाचवा भाग खेळताना मी अनेकदा कंटाळलो, एशर नावाच्या त्या म्हाताऱ्याची व्याख्याने ऐकून वैतागलो, दोन कोडी तर उत्तर पाहून सोडवली. तरीही शेवटच्या दहा मिनिटांनंतर मी बराच वेळ खुर्चीतून उठलो नाही. आता मित्राने विचारले की भाग चांगला आहे का, तर मला सरळ उत्तर देता येईना. स्वतंत्र खेळ म्हणून पाहिले तर तो पाचांत चौथा किंवा पाचवा लागेल. शेवट म्हणून पाहिले तर मत बदलते. मग शेवटच्या भागाला वेगळी मापे लावणे योग्य आहे का, की तो केवळ मागच्या चार भागांच्या पुण्याईवर जगतो आणि आपण त्याला प्रेमापोटी सूट देतो? ज्यांनी तो त्या काळात खेळला त्यांचे मत ऐकायला विशेष आवडेल.

---

जुनी सीडी यांचे उत्तर

मी हा भाग आला त्या वर्षीच खेळलो. काकांनी परदेशातून आणलेल्या संगणकाबरोबर पहिल्या मिस्टची सीडी मिळाली होती, तेव्हापासूनचे हे वेड. प्रकाशनाच्या सुमारास सायनने आपल्या जवळजवळ सर्व कर्मचाऱ्यांना कामावरून कमी केल्याची बातमी आली. काही आठवड्यांत त्यांतल्या काहींना परत बोलावले गेले, पण आम्ही खोक्यावरचे प्लास्टिक फाडले ते ज्यांनी हा खेळ केला तेच आता बेकार आहेत हे मनात ठेवून. त्या वातावरणात नि:पक्षपाती राहणे कठीण होते, हे आधीच कबूल करतो.

तुमच्या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे की शेवटच्या भागाला वेगळे माप लावलेच पाहिजे, कारण त्याच्यावर एक जबाबदारी असते जी इतर भागांवर नसते. मालिकेने पहिल्या दिवशी खेळणाऱ्याला जो प्रश्न विचारला, त्याच प्रश्नापाशी त्याला परत आणून उभे करणे ही ती जबाबदारी. मिस्टचा पहिला प्रश्न काय होता? कोड्यांचा नव्हताच. लाल पुस्तकात अडकलेला सिरस आणि निळ्या पुस्तकात अडकलेला आकेनार, दोघेही तुम्हाला सांगतात की दुसरा खोटारडा आहे, माझी पाने आणून दे. तुम्ही पाने गोळा करत राहता, आवाज स्पष्ट होत जातो, आणि हळूहळू लक्षात येते की दोघेही खोटे बोलत आहेत. कोणाचेही शेवटचे पान दिलेत, तर पुस्तकात कैद होता ते तुम्ही. खरा मार्ग तिसरा असतो, आणि तो कोणी आयता दाखवत नाही, शोधावा लागतो.

आता पाचवा भाग सुरू कुठे होतो ते आठवा. केव्हीरची ती दगडी खोली. पहिल्या भागाच्या शेवटी सिरस आणि आकेनार यांचा बाप अ‍ॅट्रस जेथे अडकून बसला होता, आणि पांढरे पान न घेता तेथे गेलात तर तुम्हीही त्याच्याबरोबर कायमचे अडकत होता, तीच ही खोली आहे. खेळ सुरू होताच मी ती ओळखली आणि माऊसवरचा हात थबकला. तेथे अ‍ॅट्रसची मुलगी येशा भेटते, जी रेव्हलेशनमध्ये लहान मुलगी होती आणि आता थकलेली, वय झालेली बाई आहे. ती म्हणते पाटी मुक्त कर. पुढे एशर भेटतो आणि म्हणतो की पाटी तिच्या हाती पडू देऊ नकोस, मला दे. पुन्हा दोन बोलणारे, पुन्हा एक वस्तू, पुन्हा दोघांचेही म्हणणे काही प्रमाणात पटणारे. आणि उत्तरही तेच: दोघांपैकी कोणालाही नाही. ती पाटी ज्यांच्या गुलामीचे साधन होती, त्या बाहरो नावाच्या मुक्या जमातीपुढे ती जमिनीवर ठेवून द्यायची.

येथे एक फरक आहे, आणि माझ्या मते सायनने बारा वर्षांत जे काही कमावले ते याच फरकात आहे. पहिल्या भागात तुम्ही योग्य माणूस शोधता आणि पान त्याच्या हाती देता, म्हणजे अ‍ॅट्रसला. पाचव्या भागात योग्य माणूस असा कोणी नाहीच. येशा दुष्ट नाही, ती नायकाची मुलगी आहे, तिच्याबद्दल तुम्हाला माया आहे, तरीही तिला देणे चूक ठरते. मालिकेने आपल्याच लाडक्या कुटुंबाला सत्ता नाकारली. पुस्तके लिहून जगांशी दुवा जोडणारे, तेथल्या लोकांवर राज्य करणारे हे घराणे आहे. रिव्हनमध्ये अ‍ॅट्रसचा बाप गेन स्वतःला देव म्हणवून घेत होता. चार भागांत दाबून ठेवलेला तो हिशेब येथे चुकता होतो. म्हणून मी या भागाला शेवट म्हणून वरचे गुण देतो, आणि कोड्यांचे गुण हवे तर कापा.

---

ध्रुवपद यांचे उत्तर

जुनी सीडी यांचे विवेचन सुंदर आहे. माझी हरकत एवढीच की ते खेळाच्या आराखड्याचे विवेचन आहे, खेळाचे नव्हे. कथासूत्र कागदावर लिहून काढले की खोली तीच, पेच तोच, असे सर्व जुळते. प्रत्यक्ष खेळताना मात्र हे सूत्र तुमच्यापर्यंत पोचते कसे? एशर तुमच्यासमोर येऊन उभा राहतो आणि दोन-तीन मिनिटे बोलतो. मग निघून जातो. मग पुढच्या वळणावर पुन्हा येतो. डेव्हिड ऑग्डन स्टियर्स हे कसलेले नट होते, त्यांच्या आवाजात वजन आहे, त्यामुळे ही भाषणे सुसह्य होतात इतकेच. येशाचे म्हणणे तर तिच्या जागोजागी पडलेल्या पानांतून वाचावे लागते, आणि ती पाने अशा गूढ भाषेत आहेत की तीनदा वाचली तरी हाती काही लागत नाही.

रिव्हनशी तुलना करा. तेथे गेन किती क्रूर आहे हे कोणी सांगत नाही. गावातल्या शाळेत एक लाकडी खेळणे आहे. त्याचे चाक फिरवले की एक अंक दिसतो आणि दोरीला टांगलेली छोटी बाहुली तितके खटके खाली सरकते. खाली जबडा पसरलेला सागरी प्राणी आहे. तुम्ही अंक शिकण्यासाठी ते खेळणे पुन:पुन्हा फिरवता, आणि केव्हातरी लक्षात येते की या गावातली मुले आकडे शिकतात ती माणसाला प्राण्याच्या तोंडी देण्याच्या खेळातून. एक वाक्य न उच्चारता राजवट कळली, आणि कोड्यासाठी लागणारे अंकही कळले. असे एक तरी दृश्य पाचव्या भागात दाखवा.

दुसरा मुद्दा ऊरूचा. पाचव्या भागाआधी, 2003 मध्ये, सायनने ऊरू नावाचा खेळ काढला होता. तो अनेकांनी मिळून महाजालावर खेळावा अशी मूळ कल्पना होती, पण त्याचा तो भाग फेब्रुवारी 2004 मध्ये बंद करण्यात आला. मोठी येशा, बाहरो, उद्ध्वस्त दनी शहराचे काय होणार हा प्रश्न, हे सर्व ऊरूमधून आले आहे. ज्याने फक्त आकडे घातलेले चार भाग खेळले, त्याला पाचव्यात ही मंडळी अचानक भेटतात, आणि ज्यांची त्याला चिंता आहे तो अ‍ॅट्रस मात्र आरंभी आवाजापुरता आणि अखेरीस घटकाभर दिसतो. म्हणजे शेवट झाला तो ऊरूच्या भिजत पडलेल्या घोंगड्याचा, आणि पाटी लावली मिस्टची. उंबरठा यांना कंटाळा आला असेल तर त्यात त्यांची चूक नाही.

माझ्या लेखी मालिकेचा खरा शेवट रिव्हनमध्येच झाला. फट उघडते, तुम्ही ताऱ्यांत कोसळता, आणि ज्यांच्यासाठी हे केले ते आपल्या घरी जातात. त्यानंतर रॉबिन मिलर सायन सोडून गेले, ते उगाच नव्हे असे मला नेहमी वाटत आले आहे. (हा माझा तर्क आहे, त्यावर वाद घालणार नाही.)

---

पाढे पंचावन्न यांचे उत्तर

मी शाळेत गणित शिकवतो, त्यामुळे कथेपेक्षा कोड्यांबद्दल बोलण्याचा मला जास्त अधिकार आहे असे समजतो.

ध्रुवपद यांनी त्या खेळण्याचा उल्लेख केला ते बरे झाले. त्यातून तुम्हाला पहिले दहाच अंक मिळतात, आणि कोड्यासाठी त्यापुढचेही लागतात. ते कोणी शिकवत नाही. अंक नीट पाहिले तर दिसते की एक म्हणजे चौकटीतली उभी रेघ, आणि तीच खूण काटकोनात फिरवली की पाच होतात. दोन फिरवले की दहा. म्हणजे फिरवणे म्हणजे पाचाने गुणणे. हे ज्या क्षणी कळते त्या क्षणी पंधरा कसा लिहायचा, वीस कसा लिहायचा हे विद्यार्थी स्वतः सांगतो. मी हे उदाहरण सातवीच्या वर्गात फळ्यावर काढून पाहिले आहे. सहा-सात मिनिटांत मागच्या बाकावरून उत्तर येते. पाया पंचवीसचा आहे हे कळल्यावर जो गोंगाट होतो तो वेगळाच.

आता पाचव्या भागाकडे येतो. त्यात असे गणित नाही, हे खरे. पण त्यात पाटी आहे, आणि तिच्याबद्दल अजून कोणीच लिहिलेले नाही याचे आश्चर्य वाटते, कारण पाटी-पेन्सिलीवर अक्षरे गिरवलेल्या आपल्या पिढीला तरी ती चटकन भावायला हवी. प्रत्येक एजमध्ये एक साधी दगडी पाटी हाती येते (शेवटी कोणाला द्यायची ती पाटी वेगळी). तिच्यावर माऊसने खूण काढायची, पाटी जमिनीवर ठेवायची आणि दोन पावले मागे सरायचे. बाहरो येतो, पाटी पाहतो. खूण ओळखीची असेल तर तो तुमचे काम करतो: एखाद्या चौथऱ्यावर कोरलेली खूण काढली असेल तर तुम्हाला तेथे पोचवतो, आणि टोडेल्मर या एजमध्ये एक खूण अशी आहे की ती काढल्यावर काळ भराभर सरू लागतो आणि आकाशातले ग्रह डोळ्यांदेखत सरकतात. खूण वेडीवाकडी असेल तर तो पाटी तशीच टाकून देतो. पाटी इतकी अवजड आहे की ती हातात असताना शिडी चढता येत नाही. खाली ठेवून जावे लागते, आणि मग परत यावे लागते.

अनेकांनी या पाटीला नावे ठेवली. माऊसने वर्तुळ काढणे म्हणजे डाव्या हाताने सही करण्यासारखे आहे, आणि मलाही एक खूण बाहरोला पटेपर्यंत पाच वेळा गिरवावी लागली. पण जरा विचार करा. मालिकेतल्या आधीच्या कोड्यांत तुम्ही यंत्रांशी झगडत होता: तरफ ओढा, झडप फिरवा, नळ्यांतला दाब पाहा. येथे पहिल्यांदाच कोड्याच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी जिवंत आहे. तुम्ही आज्ञा लिहिता आणि एक मुका जीव ती पाळतो. पहिल्या दोन एजमध्ये मला त्याची मौज वाटली. तिसऱ्या एजमध्ये, नोलोबेन येथे, एशरची प्रयोगशाळा सापडली आणि त्याने या बाहरोंवर काय काय केले ते दिसले, तेव्हा एकदम जाणवले की इतका वेळ मीही त्यांना राबवतच होतो. माझी पाटी, माझी खूण, माझे काम. ध्रुवपद यांना एक तरी दृश्य हवे होते, तर ते हे घ्या. ते एका ठिकाणी मांडलेले नाही, तुमच्या हाताच्या सवयीत आहे, म्हणून चटकन दिसत नाही.

शेवटी ती मुख्य पाटी नुसती जमिनीवर ठेवायची असते आणि तिच्यावर काही काढायचे नसते. सबंध खेळभर जी हालचाल करून आज्ञा दिली, त्याच हालचालीने आज्ञा देणे थांबवायचे. कोडे म्हणून हे रिव्हनच्या अंकांइतकेच चोख आहे असे माझे मत आहे. उलट मधल्या एजमधली बरीच कोडी सुमार आहेत, आणि ताहगिरा या एजमधल्या बर्फात मी जितका भटकलो तितका तर नवरात्रातल्या रांगेतही उभा राहिलेलो नाही, हेही नमूद करतो.

---

ध्रुवपद यांचे उत्तर

पाटीबद्दलचे म्हणणे मान्य. मी ती निव्वळ अडगळ समजून वापरली होती, आणि बाहरो आला की खुणेकडे पाहायचो, त्याच्याकडे नाही. नोलोबेनबद्दल मात्र माझा आक्षेप कायम आहे, कारण प्रयोगशाळा दाखवल्यावरही एशर त्यावर बोलल्यावाचून राहत नाही.

चित्रांबद्दल एक गोष्ट राहिली. मुख्य मालिकेत हा पहिलाच भाग पूर्णपणे त्रिमितीत, खेळताना त्या त्या क्षणी रेखाटला जाणारा आहे. आधीचे भाग आधीच रेखाटून ठेवलेल्या स्थिर चित्रांचे होते, त्यामुळे रिव्हनमधला गंजलेला पत्रा आजही खरा वाटतो आणि पाचव्या भागातला खडक 2005 सालचा वाटतो. नटांच्या चेहऱ्यांचे चित्रीकरण त्रिमितीतल्या पुतळ्यांवर चढवण्याची त्यांची युक्ती त्या काळी नवी होती. आज एशरचा चेहरा जिवंत आणि मान लाकडाची दिसते. ही तंत्राची मर्यादा आहे, पण जागेच्या सौंदर्यावर उभ्या असलेल्या मालिकेत ती क्षम्य मानावी का, हे ज्याचे त्याने ठरवावे. चालण्याचा जुना, टिचकी मारून पुढे सरकण्याचा मार्ग त्यांनी पर्याय म्हणून ठेवला, त्याबद्दल आभार. माझ्या आईने एक्साइल त्याच मार्गाने पूर्ण केला होता, आणि त्यातल्या एका एजचे नाव 'नारायन' आहे हे कळल्यावर ती ते शेवटपर्यंत 'नारायणाचं झाड' म्हणत होती.

---

उंबरठा यांचे उत्तर

सर्वांचे मन:पूर्वक आभार. जुनी सीडी यांनी सांगितलेली खोलीची गोष्ट माझ्या लक्षातच आली नव्हती. पहिला भाग मी 2021 सालच्या नव्या आवृत्तीत खेळलो होतो आणि त्या शेवटच्या खोलीत मी जेमतेम मिनिटभर होतो. काल रात्री दोन्ही शेजारी लावून पाहिले.

पाढे पंचावन्न यांचे वाचल्यावर माझे मत बदलले आहे, पण थोडे निराळ्या कारणाने. मी प्रामाणिकपणे सांगायचे तर पहिल्या वेळी पाटी एशरला दिली होती. तो वाईट आहे हे नोलोबेनमध्ये कळूनही दिली, कारण मिस्ट बेटावर तो समोर उभा होता, सबंध खेळभर माझ्याशी बोलणारा तो एकटाच होता, आणि पाटी खाली ठेवून देता येते हे शंभर वेळा केलेले असूनही त्या क्षणी सुचले नाही. त्याने मला त्या मोडक्या बेटावर सोडून दिले. पडझड झालेले वाचनालय, पाऊस, आणि मी. माझा सर्वांत मोठा वैताग त्या भाषणांचा होता, आणि मी फसलो तो त्यांच्यामुळेच, हे आता लिहिताना ध्यानात येते. मित्राला सांगेन की आधी ऊरू खेळ, मग हा, आणि कंटाळा आला तरी एशरचे बोलणे मध्येच तोडू नकोस.

एक शंका राहिली. येशाला पाटी दिली तर काय होते, हे कोणी करून पाहिले आहे का? मला तो धीर होत नाही.

---

जुनी सीडी यांचे उत्तर

करून पाहिले आहे, 2005 मध्येच, आणि मी तर सर्वांत आधी तेच केले होते. सांगत नाही. खेळ जतन केलेला असेल तर आज रात्री पाटी घेऊन तिच्यासमोर जा.